चिलटांच्या लॅबमध्ये यायचंय?

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आंब्याच्या सालींवर चिलटं घोंगावायला लागली की आजी हाक मारते, "ये गं, तुझी मंडळी आली!" तीन वर्षं झाली, इथे बडोद्यातच मी लॅबमध्ये याच मंडळींचे, म्हणजे ड्रोसोफिला या फळमाशीचे, डोळे बघत्येय. यंदा एमएस्सीनंतर कुणी या कामात शिरणार असाल, तर थोडं सांगते.

पहिला महिनाभर नुसती धडधाकट, लाल डोळ्यांची माशी बघा. कंटाळा येईल, तरी बघा. एका डोळ्यात साधारण 750 नेत्रिका, म्हणजे चिमुकले सुटे डोळेच, असतात आणि प्रत्येकीत प्रकाश टिपणाऱ्या 8 पेशी. ओळी इतक्या सरळ असतात की कुठे जरा विस्कटलं तर मायक्रोस्कोपखाली लगेच खुपतं. त्यालाच आम्ही 'रफ आय' म्हणतो. पण चांगला डोळा नजरेत बसलेला नसेल, तर बिघडलेला ओळखणार कसा?

नावांनी गोंधळू नका. 'आयलेस' हा जीन डोळा घडवतो. तो बिघडला की डोळा बारका होतो किंवा होतच नाही, म्हणून हे उफराटं नाव. 1995 मध्ये बाझलला वॉल्टर गेहरिंग यांच्या गटाने हा जीन भलत्या जागी चालू केला, तर माशीच्या पायांवर, पंखांवर डोळे उगवले. उंदराचा तसाच जीन घातला, तरी डोळा झाला तो माशीचाच. हे सगळ्यांना पाठ असतं. "मग आयलेस एकटा पुरतो का?" या प्रश्नावर मात्र तोंडीत मीही गप्प झाले होते. पुरत नाही, साइन ऑक्युलिस, आइज अ‍ॅबसेंट, डॅक्सहुंड ही जीन्सची सगळी टोळी लागते.

खरी गंमत अळीत आहे. व्हायलच्या, म्हणजे माश्या वाढवायच्या छोट्या बाटलीच्या, भिंतीवर चढू लागलेली अळी घ्यायची, चिमट्याने तोंडाचे आकडे धरून हलकेच ओढायचे. मेंदूला चिकटलेल्या दोन पारदर्शक चकत्या बाहेर येतात. हाच उद्याचा डोळा. त्यावर मागून पुढे एक खाच सरकत जाते. खाचेच्या पुढे पेशी नुसत्या वाढत असतात, मागे ओळीने नेत्रिका लागतात, साधारण दीड-दोन तासांना एक ओळ. नेत्रिकेतल्या आठ पेशींना आर1 ते आर8 म्हणतात; आधी आर8 पेशी ठरते, मग ती शेजारणींना कामाला लावते. आर7 सगळ्यांत शेवटी. पहिल्या पन्नासेक चकत्या मी फाडल्या. तुम्हीही फाडाल.

आता माझी फजिती. जीएमआर-गॅल4 ही माश्यांची जात वापरून, खाचेच्या मागच्या पेशींत हवा तो जीन चालू करता येतो; गॅल4 हे त्याचं बटण. एका क्रॉसमध्ये, म्हणजे दोन जातींच्या संकरात, डोळे मस्त खडबडीत आले, मी हुरळून मॅडमना फोटो पाठवले. त्यांनी एवढंच विचारलं, "नुसत्या गॅल4 चे डोळे बघितलेस?" दुसरा जीन न घातलेल्या त्या माश्यांचे डोळे बघितले, तर तेही खडबडीत! इन्क्युबेटरचा थर्मोस्टॅट बिघडून 25 ऐवजी 29 अंशांवर अडकला होता आणि उष्णतेत गॅल4 जोरात चालून एकटाच डोळा खराब करतो. दोन महिने गेले. तेव्हापासून इन्क्युबेटरमध्ये साधा थर्मामीटर ठेवते आणि नुसत्या गॅल4 ची व्हायल क्रॉसच्या शेजारीच, त्याच दिवशी लावते.

राहिलं क्रॉससाठी व्हर्जिन, म्हणजे अजून नराशी न जुळलेल्या माद्या, गोळा करणं. सकाळी व्हायल पूर्ण रिकामी करा. 25 अंशांवर आठ तासांच्या आत निघालेल्या माद्याच घ्या. फिकट अंग आणि पोटात काळसर ठिपका दिसला की शंका नको. रात्री व्हायल 18 अंशांवर ठेवलीत, तर सगळं संथ चालतं आणि झोप मिळते. गरब्याच्या नऊ रात्री आमची अख्खी लॅब याच 18 अंशांवर चालते.