सगळं बंद ठेवूनही लाईट बिल जास्त येत असेल तर आधी हे बघा (माझा अनुभव)

पुण्यात कर्वेनगरला चौघं मिळून भाड्याने राहतो, एसी नाही, तरी बिल दर महिन्याला २०० युनिटच्या वर. एलईडी बल्ब लावले, चार्जर काढून ठेवले, फ्रिज कमीवर केला, काडीचा फरक नाही. बिलावरचा मीटर नंबर ताडून पाहिला, तोही बरोबर. पार वैताग आला होता.

शेवटी कामी आलं ते असं. रात्री फ्रिजसकट सगळं बंद केलं आणि खाली जाऊन मीटरचा लाल दिवा बघत थांबलो. आमच्या मीटरवर ३२०० इम्प लिहिलंय, म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की १ युनिट. बराच वेळ शांत होता आणि मग एकदम भराभर, सेकंदाला जवळपास दोनदा, म्हणजे २००० वॅटच्या आसपास काहीतरी चालू झालं. लगेच मित्राला फोनवर एकेक एमसीबी (घरातल्या बोर्डातला वेगवेगळ्या भागांची वीज बंद करणारा स्विच) खाली करायला लावला, बाथरूमचा पाडला आणि दिवा थांबला.

गीझरच! त्याचा स्विच कपाटामागे, आधीच्या भाडेकरूंपासून चालूच आणि गीझरवरचा दिवा गेलेला, त्यामुळे कळायला मार्गच नाही. थर्मोस्टॅट दिवसरात्र पाणी परत परत तापवत होता.

आता आंघोळीआधी १५-२० मिनिटं एमसीबी वर, नंतर खाली, आणि मालकांना सांगून स्विच बाहेर घेतला. बिल ११० युनिटवर आलंय, १०० च्या पुढे दर बराच वाढतो म्हणून अजून थोडं उतरवायचंय. मेन स्विच पाडूनही दिवा लुकलुकत राहिला तर मात्र स्वतः हात घालू नका, इलेक्ट्रिशियनलाच बोलवा.