या चुका टाळा: ठाणे-नवी मुंबईतल्या कौटुंबिक ट्रस्टचे अनुदान कुठे फसते

घरच्यांनी मिळून ट्रस्ट काढला की पहिल्याच बैठकीत एक कागद तयार होतो. शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, महिला सक्षमीकरण आणि शेवटी ‘जागतिक प्रश्न’. या यादीत बसणार नाही असा अर्ज शोधूनही सापडणार नाही, त्यामुळे प्राधान्यक्रम म्हणून तिचा उपयोग शून्य. कामाचा कागद चार गोष्टी सांगतो: पैसा कोणत्या खिशातला आहे, तो कोणत्या तालुक्यात जाणार, कोणत्या महिन्यात पोचायला हवा आणि आपण कशाला नाही म्हणणार. बहुतेक घोळ पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीत होतात, म्हणून इथे त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

एक सूचना आधीच. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. खाली सीए मंडळींच्या तोंडी बसलेली जुनी नावे वापरली आहेत. अर्ज भरताना नवा क्रमांक विचारून घ्या.

सगळे पैसे एकाच गल्ल्यात धरणे

साधारण व्यावसायिक कुटुंबाकडे दानाचे चार वेगवेगळे खिसे असतात: सदस्यांचा वैयक्तिक पैसा, ट्रस्टचे उत्पन्न, कुटुंबाच्या कंपनीचा सीएसआर (कंपनीने सामाजिक कामासाठी काढलेला पैसा) आणि परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेली रक्कम. बैठकीत हे सगळे ‘आपले पैसे’ असतात. कायद्याच्या लेखी ते चार वेगळे पैसे आहेत.

समजा, नेपाळमधल्या एका शाळेला मदत करायची आहे. ट्रस्टच्या उत्पन्नातून ती दिली, तर परदेशात खर्च झालेल्या त्या रकमेवर करमाफी मिळत नाही. त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचा खास आदेश लागतो आणि तोही ठरावीक प्रकारच्या कामांनाच मिळतो. सीएसआरचा पैसाही देशाबाहेर जात नाही. अपवाद फक्त राज्याचे किंवा देशाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. मग उरतो वैयक्तिक खिसा. निवासी भारतीय व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. बँकेत ए२ फॉर्म भरून उद्देश ‘देणगी’ असा स्पष्ट लिहावा. वर्षाला १० लाख रुपयांवर गेलात की बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. ८०जीची, म्हणजे देणगीदाराला मिळणारी करसूट मात्र परदेशी संस्थेला दिलेल्या पैशावर नाही. थोडक्यात, ‘जागतिक’ हा रकाना ट्रस्टच्या अंदाजपत्रकात ठेवूच नका. तो व्यक्तींच्या नावाने वेगळ्या कागदावर ठेवा.

याच्या उलट चूक जास्त महागात पडते. न्यू जर्सीतला मुलगा आजीच्या नावाने ट्रस्टच्या नेहमीच्या खात्यात पाच लाख पाठवतो. त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसे त्याच्या स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत आले असतील, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत आणि तसे लेखी निवेदन फाइलला लावा, काम झाले. पण त्याने अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे कार्ड) असूनही तो परदेशी देणगीदार ठरतो, आणि एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या ट्रस्टने ती रक्कम घेणे हा कायदेभंग होतो. नातेवाईक म्हणून घरातल्या व्यक्तीला भेट देणे वेगळे आणि ट्रस्टला देणे वेगळे, हा फरक घरोघरी निसटतो. रक्कम येऊन पडलीच असेल तर ती खर्च करू नका, दुसरीकडे वळवू नका, आणि एफसीआरएची कामे नेहमी करणाऱ्या सीएकडे त्याच आठवड्यात जा. दंड भरून प्रकरण मिटवण्याची तरतूद आहे. लपवलेल्या खर्चानंतर ते फार अवघड होते.

एफसीआरए नोंदणी असलेल्या ट्रस्टनेही एक लक्षात ठेवावे. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, तिच्याकडे नोंदणी असली तरी नाही. मोठ्या संस्थेला पैसे देऊन ‘तुम्ही खाली पाड्यावरच्या मंडळाला द्या’ हा जुना रस्ता बंद झाला आहे. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही तेव्हाच ५० वरून २० टक्क्यांवर आली.

८५ टक्क्यांचे गणित अर्धेच करणे

करमाफी टिकवायला उत्पन्नाच्या ८५ टक्के खर्च करायचा, १५ टक्के राखता येतो, एवढे सगळ्यांना पाठ असते. पुढचे नसते. स्वतः काम न करता दुसऱ्या नोंदणीकृत संस्थांना देणगी देणाऱ्या ट्रस्टची दिलेल्या रकमेपैकी ८५ टक्केच रक्कम खर्च म्हणून धरली जाते.

आकड्यांत पाहू. उत्पन्न ४० लाख. खर्च दाखवायचा ३४ लाख. विश्वस्तांनी ३४ लाख संस्थांना वाटले आणि निश्चिंत झाले. धरले गेले २८ लाख ९० हजार. ५ लाख १० हजारांचा खड्डा पडला आणि त्यावर कर. केवळ देणग्यांतूनच ३४ लाख भरून काढायचे तर पूर्ण ४० लाख द्यावे लागतात, म्हणजे १५ टक्के राखण्याची सोय अशा ट्रस्टला प्रत्यक्षात उरतच नाही. त्यामुळे काही भाग थेट खर्च करा: शिष्यवृत्ती ट्रस्टने स्वतः द्यावी, शिबिराची बिले ट्रस्टच्या नावाने घ्यावीत.

फॉर्म १० भरून पैसे पाच वर्षांसाठी साठवण्याचा मार्ग सुचवला जातो. मार्ग खरा आहे, पण त्या साठवलेल्या रकमेतून दुसऱ्या ट्रस्टला देणगी देता येत नाही. देणगीवरच चालणाऱ्या ट्रस्टला हा सापळाच. तसेच दुसऱ्या संस्थेच्या कॉर्पसमध्ये, म्हणजे कायम निधीत, दिलेली रक्कम खर्चात मुळीच धरली जात नाही. सभागृहावर नाव यावे म्हणून ‘कॉर्पस’ असे लिहून दिलेला चेक इथे अडकतो.

मार्चअखेर चेक फाडणे

कायद्याचे वर्ष ३१ मार्चला संपते. शहापूर-मुरबाडचे वर्ष तसे चालत नाही.

दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात, ती परततात मे संपता संपता. पाड्यावरच्या मुलांसाठी नोव्हेंबरात सुरू केलेला अभ्यासवर्ग पहिल्या महिन्यातच रिकामा पडतो आणि अहवालात ‘पालकांची अनास्था’ असे वाक्य येते. पैसा जूनला पोचला पाहिजे आणि मुलांना गावातच ठेवायची सोय करायची तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. नाहीतर सरळ भट्टीवर वर्ग चालवणाऱ्या संस्थेला द्या, तो वेगळा प्रकल्प आहे.

पाण्याचेही तसेच. मातीच्या गोण्यांचा वनराई बंधारा ओढ्याची धार ओसरली की घालायचा असतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मार्चमध्ये मिळालेल्या पैशातून घातलेला बंधारा कोरड्या ओढ्यात उभा राहतो. सिमेंटचे काम करायचे असेल तर ते मे महिन्यात पूर्ण व्हायला हवे, म्हणजे मोजणी, ग्रामसभेचा ठराव आणि परवानगी आदल्या पावसाळ्यानंतर लगेच सुरू झाली पाहिजे. शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतो. पेसामुळे, म्हणजे अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यामुळे, तिथे ग्रामसभेला वगळून काही उभारायला जाल तर काम अडेल, आणि अडायलाच हवे. भातसा, तानसा, मोडकसागर मुंबईला पाणी देतात आणि त्याच तालुक्यातले पाडे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहतात, त्यामुळे बाहेरच्या माणसाने पाण्याची गोष्ट काढली की गाव आधी ऐकून घेते, विश्वास नंतर ठेवते.

उपाय सोपा आहे. विश्वस्तांची निवड बैठक जानेवारीत, करार फेब्रुवारीत, पहिला हप्ता एप्रिल-मेमध्ये. आणि एकूण रकमेचा साधारण दहावा भाग जुलै-ऑगस्टच्या पूर-दरडींसाठी मोकळा ठेवा. तोही पहिल्या आठवड्यात चादरी-बिस्किटांवर उडवू नका, त्या तेव्हा ढिगाने येतात. तीन महिन्यांनी घराचे पत्रे, भांडी, बियाणे, शाळेचे दप्तर यांसाठी कोणी उरलेले नसते.

नकाशा न पाहता ‘ठाणे जिल्हा’ लिहिणे

जव्हार, मोखाडा, विक्रमगड १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत. ट्रस्टच्या कागदावर ‘फक्त ठाणे जिल्हा’ असेल तर तिथला अर्ज नाकारावा लागतो, आणि गंमत म्हणजे विश्वस्तांच्या मनात बहुतेकदा तोच भाग असतो. ‘नवी मुंबई’ लिहितानाही तेच: वाशी-ऐरोली नवी मुंबई महापालिकेत आणि ठाणे जिल्ह्यात, खारघर-कामोठे पनवेल महापालिकेत आणि रायगड जिल्ह्यात. शाळेत काम करायची परवानगी कुठे मागायची, ते यावर ठरते. तालुक्यांची नावे लिहा.

‘स्थानिक की जागतिक’ असा वाद घालणे

तरुण पिढीला हवामान हवे, वडीलधाऱ्यांना गावची शाळा. यावर बैठका वाया जातात. सर्पदंश घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली तो दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातला आणि २०१९ मध्ये २०३० पर्यंत मृत्यू व अपंगत्व निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. हाच प्रश्न मुरबाडच्या भातखाचरात लावणी-कापणीच्या वेळी उभा असतो. आपल्याकडची सर्पदंशानंतर द्यायची लस (प्रतिविष) नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या लागू शकतात. लस विकत घेऊन वाटणे हे छोट्या ट्रस्टचे काम नव्हे. गमबूट, टॉर्च, प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत रात्री गाडी मिळेल अशी व्यवस्था आणि आशा सेविकांचे प्रशिक्षण, यात चार-पाच लाखांतही काही करता येते. ठाण्याची खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. पाणथळ जागांचे जागतिक काम ऐरोलीतून चालवता येते, आणि ट्रस्टचा पैसा देशाबाहेर न जाता.

‘पगाराला देत नाही’

आमच्या मते कौटुंबिक ट्रस्टची सर्वात हानिकारक अट हीच. आठ पाड्यांवरच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गाचे एक नमुना अंदाजपत्रक पाहा: आठ कार्यकर्त्या दरमहा ४,००० प्रमाणे ३,८४,०००, एक पर्यवेक्षक १८,००० प्रमाणे २,१६,०००, पेट्रोल ३६,०००, वह्या-पुस्तके ४०,०००, प्रशिक्षण २४,०००, हिशेबनीस आणि ऑडिटचा वाटा ५०,०००. एकूण साडेसात लाख, त्यातले सहा लाख माणसांचे. पगार वगळला की उरतात वह्या आणि पेट्रोल. मग संस्था पगार ‘प्रशिक्षण’ या नावाखाली दाखवते, विश्वस्तांना ते कळते, आणि दोन्हीकडचा विश्वास जातो. हिशेबनिसाचा वाटा कापू नका. उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) वेळेवर येत नसेल तर नव्वद टक्के वेळा तिथे हिशेब लिहायला माणूसच नसतो.

कागद पाहिले, तारीख पाहिली नाही

संस्थेचे पॅन, १२ए (संस्थेच्या करमाफीची नोंदणी) आणि ८०जीचे आदेश, तीन वर्षांची ऑडिट झालेली बॅलन्सशीट आणि धर्मादाय आयुक्तालयाकडचे परिशिष्ट १ (विश्वस्तांची नावे असलेला नोंदणी-उतारा) मागवा. आदेशांची मुदत संपलेली नाही ना, ते पाहा. परिशिष्टावर हयात नसलेल्या विश्वस्तांची नावे असतील तर बदल अर्ज दिलेला नाही किंवा अजून मंजूर झालेला नाही. तो बदलापासून ९० दिवसांत द्यायचा असतो. तुमच्या स्वतःच्या ट्रस्टचा दिला आहे का, हेही लगे हात तपासा.

तुमचा ट्रस्ट लोकांकडून देणग्या घेत असेल तर १०बीडी, म्हणजे मिळालेल्या देणग्यांचे विवरणपत्र, ३१ मेपर्यंत भरावे लागते, त्यानंतर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क. पॅन चुकला तर सुधारित विवरणपत्र भरता येते. आणि देणगीदाराने नवी करप्रणाली निवडली असेल तर त्याला ८०जीचा लाभ नाही, हे पावती देतानाच सांगा. २,००० रुपयांवर रोख घेतले असतील तरीही नाही.

पुतण्याच्या क्लासला अनुदान किंवा मेव्हण्याच्या गाळ्याला बाजारभावापेक्षा जास्त भाडे, यातून करमाफीच धोक्यात येते. अशा ठरावाच्या वेळी संबंधित विश्वस्ताने बाहेर थांबावे आणि तसे इतिवृत्तात लिहावे.

अनुदान संपताना वस्तू अधांतरी

तीन वर्षे झाली, करार संपला. सौर पंप, पाण्याची टाकी, शिलाई यंत्रे तिथेच आहेत. ती कोणाच्या मालकीची? संस्थेच्या मालमत्ता नोंदवहीत नाहीत, ग्रामपंचायतीने ताब्यात घेतलेली नाहीत, पंप बिघडला की फोन ट्रस्टला येतो. करारातच लिहा: वस्तू कोणाच्या नावावर, देखभालीचे पैसे कोण देणार, हस्तांतर कोणत्या तारखेला. पंपासाठी पहिल्या वर्षापासून कुटुंबामागे महिन्याला २०-३० रुपये जमा करणारी पाणी समिती असेल, तर शेवटच्या हप्त्याआधी तिचे पासबुक पाहा. थांबायचे ठरले असेल तर संस्थेला किमान बारा महिने आधी लेखी कळवा. त्यांचीही अर्ज करण्याची खिडकी जानेवारी-फेब्रुवारीतच असते.