ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं: वेब ॲप बनवताना या चुका टाळा

हिंगणघाट, आर्वी, वणीकडे कापसाच्या हंगामात शेतकरी पहाटेच ठरवतो, आज गाडी भरायची की थांबायचं. शेतकरी उत्पादक कंपनीच्या ॲपवरून जाणारा कालच्या भावाचा एसएमएस सकाळी ६ला मिळाला तर उपयोगाचा. ११:३०ला मिळाला, तर तोवर छोटा हत्ती बाजार समितीच्या रांगेत उभा असतो. हा साडेपाच तासांचा उशीर दिसला की आधी सर्व्हरचं घड्याळ पाहा. बहुतेक सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेवर चालतात, लारावेल आणि जँगो या वेब ॲप बनवायच्या चौकटींच्या नव्या प्रोजेक्टमध्येही मुळात यूटीसीच असतं. आपली वेळ त्याच्या ५ तास ३० मिनिटं पुढे आहे, म्हणून आपले सकाळचे ६ क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं सुरू करणारा लिनक्सवरचा प्रोग्रॅम) ० तास ३० मिनिटं असे लिहावे लागतात.

वेळ बरोबर लिहिली तरी तारीख फसवते. पतसंस्थेच्या पिग्मीचा हिशेब रात्री १ वाजता लावला, तर यूटीसीत तेव्हा आदल्या दिवसाचे १९:३० असतात. डेटाबेसला ‘आजची तारीख’ विचारली की तो कालची देतो. ॲप, डेटाबेस आणि क्रॉन या तिन्हींचा टाइमझोन एकेक करून तपासा आणि तारीख हिशेबाच्या कोडला बाहेरून द्या, त्याला ती स्वतः शोधू देऊ नका.

क्रॉनच्या ओळीत पहिली जागा मिनिटाची. तिथे तारा (*, म्हणजे ‘प्रत्येक’) ठेवून तासात ६ लिहिलं, तर काम ६:०० ते ६:५९ दर मिनिटाला चालतं आणि प्रत्येक सभासदाला ६० एसएमएस जातात. दुसरा सापळा ‘महिन्याचा पहिला सोमवार’. तारखेत १ ते ७ आणि वारात सोमवार लिहिलं की क्रॉन दोन्ही अटी एकत्र पाळत नाही. तो १ ते ७ रोज चालतो आणि वर प्रत्येक सोमवारीही चालतो. वेळापत्रकात फक्त सोमवार ठेवा, तारीख ७ किंवा आत आहे का ते प्रोग्रॅममध्ये पाहा. महिनाअखेरीसाठी ३१ लिहू नका, ३० दिवसांच्या महिन्यात आणि फेब्रुवारीत ते चालणारच नाही. १ तारखेला चालवून मागच्या महिन्याचं व्याज काढा.

हातानं चालवलं की चालतं, क्रॉनमधून चालत नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. क्रॉनला तुमच्या टर्मिनलची सेटिंग मिळत नाहीत. पाथ (प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचे ती यादी) तोकडा असतो आणि काम होम फोल्डरमधून सुरू होतं. प्रोग्रॅमचा आणि फाइलचा पूर्ण पत्ता लिहा. ओळीत टक्क्याचं चिन्ह असेल तर त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ द्या, नाहीतर क्रॉन कमांड तिथेच तोडतो. त्रुटींसह सगळं आउटपुट लॉग फाइलमध्ये वळवा. वर्डप्रेसची गोष्ट वेगळी: त्याचा स्वतःचा क्रॉन साइटवर कुणी आलं तरच जागा होतो. रात्री गावाकडच्या साइटवर कोण येणार? तो बंद करून खऱ्या क्रॉनला जोडा.

आता विजेचं. तालुक्याच्या पतसंस्थेत सर्व्हर म्हणजे पुष्कळदा मॅनेजरच्या टेबलाखालचा एक संगणक असतो आणि इन्व्हर्टर रात्रभर पुरत नाही. २ वाजताचं काम वीज नसताना राहिलं, तर साधा क्रॉन ते नंतर भरून काढत नाही. त्यासाठी राहिलेली कामं नंतर चालवणारा ॲनाक्रॉन वापरा किंवा लिनक्समधल्या सिस्टमडीच्या टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट’ चालू करा. संगणक जुना असेल तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरीही बदला. ती संपलेली असली की वीज गेल्यावर घड्याळ जुन्या वर्षात जातं. इंटरनेट येऊन घड्याळ जुळेपर्यंत क्रॉन त्या चुकीच्या तारखेवर कामं करत राहतो. व्याजाच्या कामाला सुरुवातीलाच अट घाला: आजची तारीख शेवटच्या नोंदीच्या मागे असेल तर थांब.

वीज अर्ध्यातच गेली तर कुलूपही (काम चालू असल्याची खूण) अडकतं. एक फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होऊ नये म्हणून कुलूप लावणं योग्यच आहे. फायबर तुटून गेटवे (एसएमएस पुढे पाठवणारी सेवा) मंदावला की दर ५ मिनिटांच्या फेऱ्या एकमेकींवर चढतात. पण लारावेलचं ‘विदाउट ओव्हरलॅपिंग’चं कुलूप मुळात २४ तासांचं असतं. काम मध्येच मेलं की ते तसंच राहू शकतं आणि पुढच्या फेऱ्या गुपचूप गळतात. तिथे मुदत कामाला शोभेल इतकी लहान द्या. लिनक्सचं ‘एफलॉक’ मला यासाठीच आवडतं: प्रक्रिया संपली की कुलूप आपोआप सुटतं.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हे: प्रत्येक काम दोनदा चाललं तरी नुकसान होणार नाही असं लिहा. खातं आणि महिना मिळून डेटाबेसमध्ये युनिक अट ठेवा, म्हणजे तेच व्याज दुसऱ्यांदा जमाच होणार नाही. खात्यातली रक्कम आणि नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही नाही. एसएमएसला ही सोय पुरी नाही, कारण गेटवेला दिलेला संदेश परत घेता येत नाही. ‘पाठवतोय’ अशी नोंद आधी करा. मध्येच बंद पडलेल्या नोंदी पुन्हा पाठवायच्या का, हे संदेश पाहून ठरवा. भावाचा राहिला तर एक दिवस चालेल. चुकारा जमा झाल्याचा मात्र पोचलाच पाहिजे, कारण त्यावर कुणाचं बियाणं, कुणाच्या घरचं लग्न अडलेलं असतं.

पाठवण्याआधी माहिती ताजी आहे का तेही तपासा. कारकुनानं कालचा भाव भरलाच नसेल तर ॲप परवाचा भाव कालचा म्हणून पाठवतो आणि माणूस त्यावर विश्वास ठेवून माल नेतो. नोंद नसेल तर संदेश थांबवा आणि कंपनीच्या माणसाला कळवा.

न चाललेलं काम स्वतःहून ओरडत नाही. ‘भाऊ, मेसेज काही आला नाही जी’ असा फोन येतो तेव्हाच कळतं. म्हणून काम यशस्वी संपल्यावर बाहेरच्या एखाद्या सेवेला खूण जाऊ द्या, आणि ठरल्या वेळेत खूण नाही आली तर त्या सेवेनं तुम्हाला फोनवर सांगावं. इशारा त्याच संगणकावर ठेवू नका, तो बंद पडला तर इशाराही बंद.

हंगामाआधी एक चाचणी घ्याच. खऱ्या डेटाची प्रत दुसऱ्या संगणकावर घ्या, एसएमएस गेटवे तोडा, व्याजाचं काम सुरू करा आणि अर्ध्यात प्लग काढा. वीज परत दिल्यावर काम पुन्हा चालवा आणि प्रत्येक खात्याची बेरीज हातानं काढलेल्या हिशेबाशी ताडून पाहा.