सोलापूरच्या उन्हात फोन का दमतो? नवा घेताना या चुका टाळा

मे महिन्यात दुपारी दोन ते चार नवी पेठेत गिऱ्हाईक फारसं फिरकत नाही. जे येतं त्याच्या हातातला फोन इतका तापलेला असतो, की तो काउंटरवर ठेवून आधी त्याला पाणी विचारायचं, मग फोनकडं बघायचं. गेल्या उन्हाळ्यात असाच एक कॉलेजचा पोरगा आला. "अण्णा, बघा की. २५ हजारांचा गेमिंग फोन हाय अन् दहा मिनिटांत गेम अडकायलाय. पीसच खराब दिलाय वाटतं." पीस चांगला होता. त्याच्यावर जाड रबरी कव्हर होतं, कव्हरवर मागं अंगठी चिकटवलेली होती आणि बाहेर ४२ अंश होते.

बारा वर्षं दुरुस्तीच्या काउंटरवर बसून एक सवय लागली आहे. फोन हातात आला की आतली उष्णता कुठून बाहेर पडते, ते मी आधी बघतो. फोन देखणा हवा की ताकदीचा, हा वाद गिऱ्हाईक माझ्यासमोर रोज घालतात. मला तो वादच अर्धवट वाटतो. ताकद म्हणजे उष्णता, आणि ती बाहेर काढायची की आत कोंडायची हे डिझाइन ठरवतं. खाली ज्या चुका सांगतोय, त्यातल्या बऱ्याचशा इथूनच सुरू होतात.

बेंचमार्कचा आकडा बघून ताकद मोजणं

दुकानात पहिला प्रश्न असतो, "अंतुतू स्कोअर किती?" अंतुतू हे बेंचमार्क, म्हणजे फोनच्या वेगाची परीक्षा घेऊन गुण देणारं ॲप. हा आकडा खोटा नसतो, पण तो पहिल्या काही मिनिटांचा असतो. शंभर मीटर पळणाऱ्याचा वेग बघून त्याला पंढरपूरला पायी धाडण्यासारखं आहे ते.

आत काय घडतं ते बघा. चिप जोरात चालली की तापते. फोनला पंखा नसतो, त्यामुळं ती उष्णता चौकटीतून आणि पाठीतून हवेत जाते. पाठ हाताला चटका देईल इतकी, म्हणजे साधारण ४३ ते ४५ अंशांपर्यंत तापू लागली की फोन स्वतःच चिपचा वेग उतरवतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. आता गंमत इथं आहे. उष्णता किती वेगानं बाहेर पडणार, हे फोनची पाठ आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. एसीच्या खोलीत हवा २५ अंश असते, म्हणजे फरक २० अंशांचा. एप्रिल-मेच्या सोलापुरात सावलीतच ४२ असतात. फरक उरला तीन अंश. उष्णतेनं जायचं कुठं? यूट्यूबवर एसीत बसून केलेला रिव्ह्यू खरा असला, तरी तो तुमच्या छपराखालचा नसतो. ॲपल आपल्या आयफोनसाठी ० ते ३५ अंशांची हवा योग्य मानतं, हे एकदा लक्षात घ्या. मार्च सरला की आपण त्या हद्दीच्या बाहेरच राहतो.

कंपन्यांनाही हे दुखणं माहीत असतं. २०२२ मध्ये सॅमसंगच्या गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिसचं प्रकरण गाजलं. ही सोय गेम आणि इतर ॲप्सचा वेग आवरत होती, बेंचमार्कच्या ॲपचा मात्र आवरत नव्हती. गीकबेंच या अशाच एका बेंचमार्कनं तेव्हा गॅलेक्सी एस २२ सकट काही फोन आपल्या यादीतून काढून टाकले. उष्णता आवरायला वेग उतरवणं यात मला काही गैर दिसत नाही. परीक्षेपुरतं ते बंद ठेवणं गैर.

मग तपासायचं कसं? दुकानदार ओळखीचा असेल तर डेमो पीसवर फोर-के व्हिडिओचं रेकॉर्डिंग १५-२० मिनिटं चालू ठेवा, जमलं तर दुकानाच्या दारात उभं राहून. रेकॉर्डिंग मध्येच बंद पडतं का, स्क्रीन अंधारते का, बोट ठेवायला नको वाटतं का, एवढंच बघायचं. स्पेसिफिकेशनमध्ये 'व्हेपर चेंबर', म्हणजे चिपची उष्णता पसरवणारी आतली चपटी बंद डबी, लिहिलेलं असेल तर ते कामाचं आहे, पण त्याचा आकार किती हेही विचारा. ओळखीत कुणी तोच फोन वर्षभर वापरलेला असेल तर त्याचं ऐका. त्याच्याइतकी चांगली परीक्षा दुसरी नाही.

त्या पोराचं कव्हर काढलं, वायफाय असताना ५जी बंद करायला सांगितलं, गेममधला फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवायची तो आकडा, एक पायरी उतरवला आणि फोन पंख्याखाली ठेवून अर्धा तास खेळू दिलं. अडकला नाही. त्याचे पैसे घेतले नाहीत, घेणार तरी कशाचे?

पातळ फोन म्हणजे भारी फोन

हातात घेतला की पातळ फोन मोह पाडतो, मलाही पाडतो. पण जागा कुठून काढली हे विचारायचं. बहुतेक वेळा बॅटरीतून. २०२५ मध्ये आलेला गॅलेक्सी एस २५ एज ५.८ मिलिमीटर जाडीचा आहे आणि त्यात ३९०० एमएएचची बॅटरी आहे (एमएएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप). त्याच सुमाराला आपल्याकडं २० हजारांच्या आसपासचे जाडजूड फोन ६००० आणि ७००० एमएएच घेऊन फिरत होते. दिवसभर रिक्षा चालवणाऱ्याला यातला कुठला द्यावा, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

हा हिशेब आता थोडा बदलतोय, हेही खरं. सिलिकॉन-कार्बन प्रकारच्या बॅटरीत तेवढ्याच जागेत जास्त चार्ज मावतो, त्यामुळं मोठी बॅटरी असूनही फोन आटोपशीर राहतो. नवा फोन घेणाऱ्याला मी हे आवर्जून बघायला सांगतो.

जागा फारच काटली की काय होतं ते गॅलेक्सी नोट ७ नं दाखवलं. ऑगस्ट २०१६ मध्ये तो बाजारात आला, सप्टेंबरात परत मागवायला लागला आणि ऑक्टोबरात त्याचं उत्पादनच थांबलं. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीनं कारण सांगितलं. एका पुरवठादाराच्या बॅटरीत वरच्या कोपऱ्याला जागा अपुरी पडून इलेक्ट्रोड वाकत होते, आणि दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे कंगोरे राहिले होते. त्याआधी २०१४ मध्ये ७.१ मिलिमीटरचा आयफोन ६ प्लस खिशात वाकल्याच्या तक्रारी जगभर गाजल्या. पँटच्या मागच्या खिशात फोन ठेवून बुलेटवर बसणाऱ्यांचे वाकलेले फोन माझ्याकडं आजही येतात. कंपनी कुठलीही असो, फोल्डर, म्हणजे काच आणि डिस्प्लेचा अख्खा जोड, बदलावाच लागतो.

काच, धातू, प्लास्टिक: दिसण्यावर निवड

काचेची पाठ श्रीमंत दिसते. धातू उष्णता पटकन पसरवतो, काच बरीच कमी आणि प्लास्टिक सगळ्यात कमी. ॲपलनं २०२३ मध्ये आयफोन १५ प्रोला टायटॅनियमची चौकट दिली. टायटॅनियम मजबूत आणि रुबाबदार, पण उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियमच्या खूप मागं. तो फोन तापतो अशी ओरड झाली तेव्हा कंपनीनं सॉफ्टवेअर आणि काही ॲप्सकडं बोट दाखवलं, टायटॅनियमला दोष दिला नाही. २०२५ च्या १७ प्रोला मात्र ॲल्युमिनियम परत आलं आणि आत व्हेपर चेंबर बसला. यातून काय समजायचं ते ज्याचं त्यानं समजावं.

उष्णता कमी पसरवते म्हणून प्लास्टिकची पाठ टाकाऊ ठरत नाही. फरशीवर पडल्यावर ती फुटत नाही, आणि काचेची पाठ बदलायचा खर्च ऐकून गिऱ्हाईक खुर्ची शोधतं. मध्यम किमतीत मला स्वतःला ॲल्युमिनियमची चौकट आणि प्लास्टिकची पाठ हा जोड पसंत आहे. कव्हर पातळ घ्या आणि गेम खेळताना, चार्जिंगला लावताना काढून ठेवा.

गरम फोन चार्जिंगला लावणं

बॅटऱ्या सगळ्यात जास्त इथं मरतात. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण चार्ज करून नुसती ठेवून दिली, तर २५ अंशांत वर्षाला साधारण २० टक्के क्षमता जाते, ४० अंशांत साधारण ३५ टक्के. हीच बॅटरी ४० टक्के चार्जवर ठेवली तर ४० अंशांतही तोटा १५ टक्क्यांच्या आसपास राहतो. म्हणजे उन्हाळ्यात रात्रभर १०० टक्क्यांवर लटकवून ठेवलेला फोन दुहेरी मार खातो. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय असेल तर मार्च ते जून ती चालू ठेवा.

फोन चादरीखाली किंवा उशीखाली ठेवून चार्ज करू नका. आपली चादर ऊब धरण्यासाठीच विणलेली असते, तिला दोष देऊन काय उपयोग? मोटरसायकलच्या हँडलवर उन्हात मॅप चालू, वरून चार्जर जोडलेला, ही तर फोन भाजायची पाककृतीच झाली.

'तापमान जास्त असल्याने चार्जिंग थांबवले' असा संदेश आला की लोक चार्जर बदलायला धावतात. चार्जर ठीक असतो. कव्हर काढा, फोन सावलीत पंख्याखाली ठेवा, दहा-पंधरा मिनिटांत चार्जिंग आपोआप सुरू होतं. उन्हात स्क्रीन अचानक काळवंडली तरी तेच करायचं. डिस्प्ले गेलेला नसतो, उष्णतेमुळं फोननं ब्राइटनेस उतरवलेला असतो. जाहिरातीतले हजारो निट्स (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) हे स्क्रीनच्या छोट्याशा भागाचे, काही क्षणांचे असतात.

फोन फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. हसू नका, दर उन्हाळ्यात दोन-तीन येतातच. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि बोर्डाला गंज चढतो.

पाठीचं पॅनल उचललं गेलं असेल किंवा स्क्रीनच्या कडेला फट दिसत असेल, तर बॅटरी फुगली आहे. दाबून बसवू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. बंद करून दुरुस्तीवाल्याकडं आणा.

"चार्जिंग जॅक गेलाय"

शहराच्या पूर्व भागातून, यंत्रमागाच्या कारखान्यातून येणाऱ्या फोनची ही ठरलेली तक्रार. पिन नीट बसत नाही, हलवली की चार्जिंग तुटतं. दहातल्या सहा-सात वेळा जॅक शाबूत असतो, आत सुताची तूस दाबून बसलेली असते. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं हलकेच कडेकडेनं काढा. सुई किंवा सेफ्टीपिन घालू नका. तूस काढायला गेलेल्या सुईनं मधली पट्टी मोडली की मग खरोखरच जॅक बदलावा लागतो. टॉवेल कारखान्यातला एक जण महिन्यातून एकदा माझ्याकडं फक्त तूस काढायला येतो आणि जाताना शेंगाचटणीची पुडी ठेवतो. ती मी घेतो.

मेगापिक्सेल मोजणं

संक्रांतीच्या गड्डा यात्रेला होम मैदानावरचं दारूकाम शूट केलं आणि नुसते पांढरे डाग आले, असं सांगणारे १०८ मेगापिक्सेलवाले असतात. असा सेन्सर नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. अंधारात उपयोगाचा असतो सेन्सरचा आकार. १/१.५६ इंचाचा सेन्सर १/२.७६ इंचाच्या सेन्सरपेक्षा क्षेत्रफळानं जवळपास तिप्पट असतो. भाजकाचा आकडा जितका लहान, तितका सेन्सर मोठा. दुसरं म्हणजे ओआयएस, म्हणजे हात हलला तरी लेन्स सावरणारी यंत्रणा. गर्दीत नंदीध्वजांची मिरवणूक टिपायची तर ती हवीच. दोन मेगापिक्सेलचे मॅक्रो आणि डेप्थ कॅमेरे पाठीवर गोल मोजायला असतात.

रॅमच्या नावाखाली स्टोरेज विसरणं

'८ + ८ जीबी रॅम' यातले दुसरे आठ स्टोरेजमधून उसने घेतलेले. स्टोरेजचा प्रकार कुणी विचारत नाही, आणि फोन दोन वर्षांत रेंगाळायला लागतो तो बरेचदा तिथूनच. ईएमएमसी हा जुना, हळू प्रकार आणि यूएफएस हा वेगवान. ईएमएमसी ५.१ सेकंदाला २५०-३०० एमबी वाचतं, यूएफएस २.२ साधारण १०००, यूएफएस ३.१ त्याच्या दुप्पट. ईएमएमसी असेल तर फोन कितीही देखणा असो, परत ठेवा. आणि स्टोरेज काठोकाठ भरू देऊ नका. व्हॉट्सॲपच्या ग्रुपातले गुडमॉर्निंग साफ केले तरी अनेकांचा 'हँग' फोन सुधारतो.

आयपी ६८ आहे, भिजू दे

आयपी ६८ हा धूळ आणि पाणी रोखण्याचा दर्जा. त्याची चाचणी नव्या फोनची, स्वच्छ गोड्या पाण्यात होते. रंगपंचमीचं पाणी, साबणाचा फेस, बोअरचं खारं पाणी तिच्यात येत नाही. एकदा फोन उघडला किंवा जोरात आपटला की सीलचा भरवसा संपला. पाण्यानं बिघडलेला फोन वॉरंटीत सहसा बसत नाही, तेही वाचून घ्या. भिजलाच तर लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका. तांदळाच्या डब्यात खुपसून काही होत नाही, उलट जॅकमध्ये कण जातात. आपल्याकडं तर ज्वारीत पुरून आणलेलाही एक पाहिलाय.

जुना घेताना

चांगलं हार्डवेअर कमी पैशात हवं तर दोन वर्षांपूर्वीचा वरच्या श्रेणीचा फोन हा शहाणपणाचा सौदा असतो, मात्र बॅटरी बदलायचे पैसे आधीच धरून चाला. स्क्रीन पूर्ण पांढरी करून हिरवी किंवा गुलाबी रेघ आहे का ते बघा. टेबलावर पालथा ठेवून डुगडुगतो का बघा, डुगडुगला तर चौकट वाकलेली आहे किंवा बॅटरी फुगू लागली आहे. मग *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर काढा आणि इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस करा. फोन काळ्या यादीतला असेल तर तिथं कळतं. विकणारा म्हणाला, "कशाला, घरचाच हाय," तरी पैसे द्यायच्या आधी करा.