खूप चाललेल्या पिकअपचं राहून गेलेलं ट्यून-अप: आधी जुने प्लग वाचा, मग पार्ट घ्या

गाडी दोन-अडीच लाख किलोमीटर चालली, सकाळी स्टार्ट व्हायला वेळ घेते, चढावर माल असला की ओढत नाही, ॲव्हरेज पडलंय आणि शेवटचं ट्यून-अप कधी केलं ते कुणालाच आठवत नाही, अशा वेळी बहुतेक जण थेट दुकानात जाऊन स्पार्क प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे), फिल्टर, कॉईल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी) सगळं उचलून आणतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की असं करू नका, आधी इंजिनला काय झालंय ते बघा, कारण कॉम्प्रेशनच, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टनने तयार होणारा दाबच, गेलं असेल तर नवीन प्लगने काही फरक पडणार नाही. मी हे पेट्रोल इंजिन धरून लिहितोय, डिझेलचं शेवटी थोडं सांगतो.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. हेड (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात प्लग बसतात) ॲल्युमिनियमचं असेल तर गरम असताना प्लग काढताना आटे निघून येऊ शकतात आणि मग काम खूप वाढतं. प्लग काढायच्या आधी त्याच्या खड्ड्यात कॉम्प्रेसरची हवा मारा, वर्षानुवर्षं साचलेली माती आणि खडे तिथे असतात, प्लग निघाला की ते सरळ सिलिंडरमध्ये पडतात. जुन्या पद्धतीच्या प्लग वायर असतील तर प्रत्येकीवर नंबर टाका, अदलाबदल झाली की गाडी मिसिंग करणार. प्लग जाम असेल तर जोर लावू नका, थोडा सैल करा, पेनिट्रेटिंग ऑइल मारा, थांबा, परत थोडा आवळा, परत सोडा, असं करत करत काढा.

आता काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने कपड्यावर मांडा आणि नीट बघा, सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर त्या सिलिंडरमध्ये जळण नीट होतंय. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा स्पार्क कमजोर आहे, एअर फिल्टर चोंदला असेल तरी बघायला हवं. पांढरंफटक आणि फोड आल्यासारखं असेल तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी जातंय, किंवा इंजिन तापतंय. आणि ओलं, तेलकट, काळं असेल तर ऑइल आत येतंय. माझ्या गाडीचे तीन प्लग छान तपकिरी होते आणि तिसऱ्या सिलिंडरचा एकटाच असा चिकट की बोटाला काळं तेल लागलं, तेव्हाच कळलं की सगळे पार्ट बदलण्यात अर्थ नाही, या एका सिलिंडरकडे बघायचंय.

प्लग बाहेर आहेतच तर कॉम्प्रेशन मोजून घ्या, गेज फार महाग नसतो आणि भाड्यानेही मिळतो. फ्युएल पंप आणि इग्निशन बंद करा, बॅटरी फुल चार्ज हवी, कुणालातरी रेस पूर्ण दाबून धरायला सांगा आणि प्रत्येक सिलिंडरला गेज लावून स्टार्टरने सारखेच पाच-सहा झटके द्या. आकडा किती यापेक्षा आकड्यांमधला फरक बघा, सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्तच्या ७५ टक्क्यांच्या खाली नको. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा, वाढला तर पिस्टनच्या रिंग झिजल्यात, वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधली सील), आणि शेजारशेजारचे दोन कमी असतील तर गॅस्केटचाच संशय घ्या. इथे बिघाड निघाला तर पार्टचे पैसे वाचवा आणि आधी ते काम करा.

कॉम्प्रेशन ठीक आलं की बाकीचं सोपं आहे. नवीन प्लग मॅन्युअलमधल्या नंबरचेच घ्या, गॅप (टोकांमधली ठिणगीची फट) तारेच्या गेजने तपासा, इरिडियमच्या बारीक टोकाला मात्र धक्का लागू देऊ नका. बसवताना प्लगच्या मागच्या टोकाला रबरी होजचा तुकडा लावून हाताने फिरवा, आटा तिरका लागला तर होज आपोआप घसरतो आणि हेड वाचतं. टॉर्क पाना असेल तर मॅन्युअलच्या आकड्याने आवळा, नसेल तर वॉशरवाला नवीन प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरतो.

एअर फिल्टर बदला, थ्रॉटल बॉडीतली काळी पुटं थ्रॉटल क्लीनरने पुसा. हवा मोजणाऱ्या सेन्सरला मात्र त्या सेन्सरसाठीचा वेगळा स्प्रेच लागतो, कार्ब क्लीनर अजिबात नको. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आतली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारा) काढून कानाजवळ हलवा, खुळखुळ वाजला नाही तर बहुतेक अडकलाय. व्हॅक्यूमचे होज हाताने वाकवून बघा, जुनं रबर वाकवल्यावरच चिरा दाखवतं, आणि आयडलिंग वरखाली होण्याचं कारण बऱ्याचदा तिथेच सापडतं. टायमिंग बेल्ट असेल आणि तो कधी बदलला ते माहीत नसेल तर आधी तो बदला, बऱ्याच इंजिनात तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला जाऊन धडकतो.

डिझेलला स्पार्क प्लग नसतात, तिथे डिझेल फिल्टर, त्यातलं पाणी काढणं, एअर फिल्टर, ग्लो प्लग (थंडीत स्टार्ट करताना सिलिंडर गरम करणारे) आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) एवढं बघा, फिल्टर बदलल्यावर लाईनमधली हवा काढायला विसरू नका.

शेवटी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवा, परत आल्यावर खाली वाकून गळती बघा. जुने प्लग लगेच फेकू नका, नंबर घालून डबीत ठेवा आणि बॉनेटच्या आत चिकटपट्टीवर किलोमीटर आणि तारीख लिहा. माझा तो तेलकट प्लग अजून ठेवलाय, रिंग बदलल्यावर पाच हजार किलोमीटरने त्याच सिलिंडरचा प्लग काढून शेजारी धरला तेव्हा तो कोरडा, तपकिरी निघाला.