फिरोजा घेताना या चुका टाळा: बंद खाणीचे नाव आणि चढलेला भाव

"ही खाण बंद झालीये, हा माल आता पुन्हा मिळायचा नाही." अमेरिकेतल्या ॲरिझोना किंवा न्यू मेक्सिको राज्यात फिरोजाचे, म्हणजे टर्कॉईज या निळ्या खड्याचे, दागिने पाहायला दुकानात शिरलात की हे वाक्य कानावर पडतेच. ते खोटे नसते, आणि म्हणूनच माणूस फसतो. ॲरिझोनातल्या ग्लोब गावाजवळच्या स्लीपिंग ब्यूटी खाणीतून फिरोजा काढणे २०१२ मध्ये खरोखरच थांबले, कारण खाणीने सगळे लक्ष तांब्याकडे वळवले. तिथला दगड एकसारखा आकाशी, जवळपास रेषा नसलेला. तो मिळेनासा झाल्यावर भाव चढले, त्यात नवल नाही. पण खाण बंद झाली म्हणून तुमच्या तळहातावरचा खडा तिथलाच ठरत नाही. आणि तिथला असला, तरी तो जमिनीतून निघाला तसाच आहे हेही त्यातून कळत नाही.

पहिली चूक म्हणजे खाणीच्या नावाला पैसे मोजणे. मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातला कांपितोस किंवा चीनच्या हुबेई प्रांतातला चांगला निळा खडा स्लीपिंग ब्यूटीसारखाच दिसू शकतो. नुसते पाहून खाण ओळखता येत नाही. नेवाडातल्या लँडर ब्लू खाणीचे उदाहरण घ्या. १९७३ मध्ये सापडलेल्या त्या छोट्याशा जागेतून सगळा मिळून सुमारे १०० पौंड दगड निघाला. इतक्या थोड्या मालाचे नाव जर दर दुसऱ्या दुकानात ऐकू आले, तर शंका घ्यायलाच हवी. खाणीचे नाव सांगितले की विचारायचे, "हे बिलावर लिहून द्याल का?" पुढे काय करायचे ते उत्तरावरून ठरवा.

दुसरी चूक सगळ्यांत महाग पडते. आपण विचारतो, "खरा आहे ना?" दुकानदार हो म्हणतो आणि तेही खोटे नसते. विचारायला हवे ते वेगळेच: या खड्यावर कोणती प्रक्रिया केली आहे?

फिरोजा म्हणजे तांबे आणि ॲल्युमिनियम यांचे पाणीयुक्त फॉस्फेट. खाणीतून निघणारा बराचसा दगड खडूसारखा मऊ आणि सच्छिद्र असतो, पैलू पाडणे सोडाच, घासतानाच भुगा होतो. म्हणून दाब देऊन त्यात राळ मुरवतात. याला स्टॅबिलाइज्ड म्हणतात. माझ्या मते यात गैर काही नाही. रोज वापरायच्या अंगठीला असाच खडा बरा, कारण तो रंग टिकवतो. प्रक्रियेशिवाय घासून चमक येईल इतका कठीण आणि गडद निळा दगड मात्र फार थोडा निघतो. टंचाई आहे ती या दगडाची. राळ मुरवलेला माल आजही भरपूर येतो. ॲरिझोनातलीच किंगमन खाण चालू आहे, इराणमधल्या निशापूरचा दगडही अजून निघतो. भाव मात्र दुर्मीळ दगडाचा सांगितला जातो आणि हातात पडतो भरपूर मिळणारा.

त्याखालची पायरी म्हणजे दगडाचा भुगा राळेत बांधून केलेला खडा. त्याही खाली 'ब्लॉक', म्हणजे रंगवलेले प्लास्टिक, ज्यात दगड नावालाही नसतो. भारतात ऑनलाइन घेणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. 'आफ्रिकन टर्कॉईज' हा फिरोजा नव्हे, जॅस्पर नावाचा वेगळाच दगड आहे. आणि दोनशे-तीनशे रुपयांच्या माळेतले काळ्या रेषांचे निळे मणी बहुधा हाउलाइट किंवा मॅग्नेसाइट या रंगवलेल्या पांढऱ्या दगडांचे असतात.

भाव चढला की सगळे खापर खड्यावर फोडायचे, ही तिसरी चूक. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या वर गेली. जाड कडे किंवा कमरपट्टा महागला असेल तर त्यात चांदीचा वाटा मोठा असू शकतो. वजन करून घ्या, त्या दिवसाच्या भावाने चांदीची किंमत काढा, आणि उरते ती खडा आणि कारागिरीची. धातूवर ९२५ चा, म्हणजे ९२.५ टक्के चांदीचा, शिक्का आहे का तेही बघा. आपल्याकडच्या जर्मन सिल्व्हरसारखाच तिकडच्या निकेल सिल्व्हरमध्येही चांदीचा कण नसतो.

कारागिराबद्दल न विचारणे ही चूक मला सगळ्यांत जास्त खटकते. नावाहो, झुनी आणि इतर प्वेब्लो या तिथल्या आदिवासी जमातींच्या कारागिरांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. १९७० च्या दशकात या दागिन्यांची लाट आली, तेव्हा नकली मालानेही बाजार भरला आणि खऱ्या कारागिरांच्या पोटावर पाय आला. अमेरिकेतल्या १९९० च्या कायद्यानुसार आदिवासींनी न बनवलेला माल त्यांचा म्हणून विकणे गुन्हा आहे. त्यासाठी पहिल्याच वेळी व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून पाटीवर 'नेटिव्ह अमेरिकन स्टाइल' असे लिहिले असेल तर त्या 'स्टाइल' शब्दापाशी थांबा. कोणत्या जमातीच्या, कोणत्या कारागिराने घडवला ते विचारा. न्यू मेक्सिकोतल्या सँटा फे शहरात जाणार असाल तर पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स या जुन्या इमारतीच्या ओसरीवर बसलेल्या कारागिरांकडून घ्या. तिथे जमातीचे सदस्यत्व तपासूनच जागा देतात, आणि घडवणाऱ्याशी थेट बोलता येते.

दागिना आधीच घरात असेल तर? गरम सुई टोचायचा प्रयोग करू नका. राळेचा वास येतो खरा, पण खड्यावर डाग कायमचा राहतो. ॲसिटोन लावलेला कापसाचा बोळा खड्याच्या मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर हलकेच फिरवा. कापूस निळा झाला तर रंग वरून दिलेला आहे. नाही झाला तरी खडा अस्सल ठरत नाही, कारण राळेतला रंग असा सुटत नाही. रक्कम मोठी असेल तर मुंबई किंवा जयपूरच्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेतून प्रक्रियेचा दाखला घ्या. घेतल्या भावाला परत विकू या आशेवर दुसरा नग मात्र घेऊ नका. दुकानदार परत घेताना मालाची टंचाई विसरतो.

निळा खडा हिरवट झाला म्हणजे तो नकली, हाही गैरसमजच. माझ्या मावशीच्या अंगठीतला खडा दोन वर्षांत शेवाळी झाला, तेव्हा ती अंगठी मोडीत काढायला निघाली होती. तपासून घेतला तर खडा प्रक्रिया न केलेला, अस्सल निघाला. रोज तेलाचा हात लावून कणीक मळताना तो तेल पीत होता, त्यात भर अत्तराची आणि साबणाची. हा रंग धुऊन परत येत नाही, पण पुढची झीज थांबवता येते. मावशी आता परातीला हात लावण्याआधी अंगठी काढून देवळीत ठेवते आणि घातलेली असेल तेव्हा संध्याकाळी मऊ कोरड्या कापडाने पुसते.