'गिव्ह वनसेल्फ अप' वापरताना या चुका टाळा

१९६० साली चंबळच्या खोऱ्यातले काही दरोडेखोर विनोबांना शरण आले. हे वाक्य इंग्रजीत करायला दिलं की हमखास उत्तर येतं: 'द डकॉइट्स गेव्ह अप टू विनोबा.' घोटाळा इथेच होतो. नुसतं 'गेव्ह अप' म्हणजे हात टेकले, नाद सोडला. शरण येणारा स्वतःला दुसऱ्याच्या हवाली करतो, त्यामुळे 'स्वतःला' गाळून चालतच नाही: 'द डकॉइट्स गेव्ह देमसेल्व्ह्ज अप टू विनोबा.'

हा 'स्वतःला' कर्त्याप्रमाणे बदलतो आणि बरोबर मध्ये बसतो. फूलन देवी १९८३ मध्ये भिंडला शरण आली, तर 'शी गेव्ह हरसेल्फ अप'. 'गेव्ह अप हरसेल्फ' म्हटलं तर अर्थ लागेल, पण कानाला खटकेल.

धाड घालून पकडलेल्या आरोपीसाठी हा वाक्प्रचार वापरू नका. तिथे 'वॉज अरेस्टेड' हवं. घराला वेढा पडल्यावर नाइलाजाने का होईना, तो हात वर करून बाहेर आला तर मात्र चालेल, कारण पाऊल त्याने उचललं. 'टर्न वनसेल्फ इन' पोलिसांपुरतं ठीक आहे, रणांगणावर शत्रूला शरण जाणाऱ्या सैनिकासाठी नाही.

दुसरा अर्थ जास्त फसवतो. पुढे 'टू' आणि एखादी भावना आली की पोलीस-बिलीस काही उरत नाही. 'ही गेव्ह हिमसेल्फ अप टू डिस्पेअर' म्हणजे तो निराशेच्या पुरता आहारी गेला. मनावरचा ताबा सोडून देण्याची ही छटा फार महत्त्वाची आहे, असं मला वाटतं. आपण 'समाजकार्यात झोकून दिलं' हे कौतुकाने म्हणतो. कुणाच्या गौरवपर लेखात किंवा श्रद्धांजलीत त्याचं इंग्रजी करताना 'डिव्होटेड हिमसेल्फ टू सोशल वर्क' हेच लिहावं. तिथे आहारी गेल्याची छटा डोकावली तर त्या माणसावर अन्याय होतो.

या 'टू'नंतर नाम येतं किंवा 'इंग'वालं रूप. 'टू ग्रीफ' बरोबर, 'टू ग्रीव्ह' चूक.

आणि पोराच्या हट्टापुढे आईबाप नमले, तर 'दे गेव्ह इन'. तिथे 'अप'ही नको आणि 'देमसेल्व्ह्ज'ही नको.